भावगीताचा विद्यापीठीय अभ्यास : संहितेचा प्रश्न

साहित्याभ्यासात भावगीताचा विचार प्रामुख्याने मुद्रित शब्दांच्या आधारे होतो. चाल, स्वर व प्रसारमाध्यम संगीतशास्त्राकडे सोपविले जातात. ही विभागणी कितपत ग्राह्य आहे, हे ‘गीतरामायणा’च्या आधारे तपासता येते.

ग. दि. माडगूळकर यांची ५६ गीते सुधीर फडके यांच्या संगीतात १ एप्रिल १९५५ पासून आकाशवाणीच्या पुणे केंद्रावरून दर आठवड्यास एक याप्रमाणे प्रसारित झाली. फडके यांच्यासह माणिक वर्मा, वसंतराव देशपांडे, लता मंगेशकर आदींनी ती गायिली. निरनिराळ्या पात्रांना निरनिराळे आवाज लाभल्याने रचनेतील नाट्य ठळक झाले. पुढे फडके एकट्याने त्यांचे जाहीर कार्यक्रम करू लागले. तेव्हा तीच पात्रे एका कंठातून बोलू लागली आणि रचना कीर्तनातील आख्यानाच्या निकट गेली. शब्द तेच राहिले. त्यांचा वाङ्मयीन परिणाम मात्र पालटला.

शिवाय या रचनेचा आरंभच कुश-लवांच्या रामासमोरील गायनाने होतो. गायन हे येथे बाह्य अलंकरण नसून संहितेचेच अंग आहे. त्यामुळे मराठीच्या अभ्यासकाने ध्वनिमुद्रण हे मुद्रित प्रतीइतकेच प्राथमिक साधन मानले पाहिजे. अन्यथा गीताच्या नावाखाली केवळ त्याच्या शब्दांचाच अभ्यास होत राहील.