मधुमेहातील धमनी व हृदय : वेदनेची वाट पाहू नये

१९२६ साली पूर्ण झालेल्या भंडारदरा धरणाचे पाणी प्रवरेच्या कालव्यांतून आले, पुढे हरेगाव व टिळकनगर येथे साखर कारखाने उभे राहिले आणि श्रीरामपूर परिसर ऊसपट्टा म्हणून ओळखला जाऊ लागला. सुबत्तेबरोबर अंगमेहनत घटली, गोड चहाच्या फेऱ्या वाढल्या. आपल्या चिकित्सालयात मधुमेही रुग्ण आता रोजचाच झाला आहे. त्याची साखर आपण पाहतो. धमन्या व हृदय मात्र तक्रार येईपर्यंत तपासायचे राहून जातात. प्रस्तुत लेखात याच बाबीचा विचार करीत आहोत.

चरकसंहितेच्या सूत्रस्थानातील 'कियन्तःशिरसीय' या सतराव्या अध्यायात पाच हृद्रोग, ओजःक्षय, मधुमेहाची संप्राप्ती व मधुमेहातील पिडका यांचे वर्णन एकत्र आले आहे. गुरु-स्निग्ध आहार, अतिनिद्रा व अव्यायाम यांनी कफ, पित्त, मेद व मांस वाढून वायूचा मार्ग रोधला जातो; तो वायू ओज घेऊन बस्तीकडे जातो. ओजाचे स्थान हृदय होय, हे ध्यानी घेता मधुमेह हा केवळ मूत्राचा विकार नाही हे स्पष्ट होते. विसाव्या अध्यायात कफाच्या नानात्मज विकारांत 'धमनीप्रतिचय' सांगितला आहे. आधुनिक शास्त्रातील धमनीकाठिण्याशी त्याची शब्दशः बरोबरी आम्ही करीत नाही. परंतु विचाराची दिशा एकच आहे.

आधुनिक मतानुसार दीर्घकाळ वाढलेली साखर रक्तवाहिनीच्या अंतःस्तराला इजा करते. तेथे तयार होणारा, वाहिनी सैल ठेवणारा नायट्रिक ऑक्साइड कमी पडतो; भित्तिकेत मेद साचतो, वाहिनी ताठर व अरुंद होते. मधुमेहींमध्ये हृदयविकाराचा धोका साधारणतः दोन ते चार पट असतो. शिवाय हृदयाच्या स्नायूची शिथिल होण्याची क्षमताही स्वतंत्रपणे बिघडू शकते.

खरा धोका पुढेच आहे. मधुमेहात हृदयाच्या संवेदनावाही नाड्याही दुर्बल होतात; त्यामुळे हृदयशूलाशिवायही झटका येऊ शकतो. छातीत दुखत नाही, म्हणून हृदय निरोगी आहे असे मानू नये. अकस्मात दम लागणे, अकारण घाम, मळमळ, ग्लानी किंवा नेहमीच्या कामात नव्याने येणारा थकवा यांस 'अम्लपित्त' किंवा 'अशक्तपणा' म्हणून सोडू नये. अशा वेळी विलंब न करता ईसीजीची सोय असलेल्या रुग्णालयात पाठवावे.

दर भेटीत पुढील क्रम ठेवावा :

१) रक्तदाब मोजावा. ब्रिटनमधील मोठ्या अभ्यासात (१९९८) रक्तदाबाच्या काटेकोर नियंत्रणाने मधुमेहींतील पक्षाघात ४४ टक्क्यांनी घटला.

२) दोन्ही पायांच्या पाठीवरील व आतील घोट्यामागील नाडी पाहावी. घोट्याचा वरचा रक्तदाब भागिले दंडाचा, हे गुणोत्तर ०.९ किंवा कमी असल्यास पायाची धमनी अरुंद समजावी, १.४ पेक्षा अधिक असल्यास ती ताठर झालेली असू शकते.

३) चालताना पोटरीत गोळा येतो का, पायाला जखम अथवा बधिरता आहे का, हे विचारावे व पाहावे.

४) एचबीए१सी, कोलेस्टेरॉल व मूत्रातील अल्ब्युमिन यांची ठरावीक काळाने तपासणी करावी. अल्ब्युमिन वाढणे ही वृक्काबरोबरच सर्व रक्तवाहिन्यांचीही सूचना असते.

औषधयोजनेत एक सावधगिरी आवश्यक आहे. अर्जुन हृद्य म्हणून आपण सर्रास अर्जुनारिष्ट देतो. परंतु आसव-अरिष्टांत गूळ वा साखर असते. मधुमेहीस अर्जुनत्वचेचा क्वाथ किंवा बिनसाखरेचा क्षीरपाक अधिक योग्य. चालू गोळ्यांबरोबर गुडमार, मेथी देताना साखर एकाएकी उतरू नये म्हणून वारंवार मोजावी. ज्येष्ठमध दीर्घकाळ दिल्यास रक्तदाब वाढू शकतो, तोही हृद्रोग्यास टाळावा. रुग्णाचे इन्सुलिन अथवा हृदयाची औषधे आपल्या शब्दावरून बंद होऊ नयेत. बदल संबंधित चिकित्सकांच्या विचाराने व्हावा.

चंक्रमण, तंबाखूत्याग आणि मिताहार यांचा उपदेश प्रत्येक भेटीत करावा. साखरेचा अहवाल समाधानकारक असला तरी रुग्णाच्या पायाची नाडी पाहिल्याविना त्यास निरोप देऊ नये, एवढीच वैद्यबंधू-भगिनींस आमची विनंती आहे.