पटी, संख्यारेषा आणि गच्चीवरची तार

"मॅडम, दशांश अपूर्णांकांच्या पटी कशाला काढायच्या?" या प्रश्नाचं उत्तर मला आमच्या गच्चीवर सापडलं.

हॅम रेडिओचा परवाना मिळाला तेव्हा हौसेने 20 मीटर तार ताणली. एक टोक ट्रान्सफॉर्मरच्या पेटीला, दुसरं आंब्याच्या फांदीला. झाड तेवढ्या अंतरावर होतं म्हणून 20, एवढाच विचार! 7 मेगाहर्ट्झवर ट्यूनर जुळेना. 14, 21, 28 वरही तेच. पेटीच बिघडली असं वाटलं, पण चूक लांबीत होती.

तारेच्या मोकळ्या टोकाला विद्युतधारा शून्य असते, तिला पुढे वाटच नसते. तिथे व्होल्टेज मात्र सर्वाधिक. लांबी अर्ध्या तरंगलांबीएवढी किंवा तिच्या पटीत असली की पेटीकडच्या टोकालाही हीच गत होते. धारा नावापुरती, व्होल्टेज भरपूर, म्हणजे रोध हजारो ओहम. माझी पेटी 9:1 ची, साधारण 450 ओहमचे 50 करणारी. तिला हे कसं झेपणार?

पाचवीच्या वर्गात हेच फळ्यावर घेतलं. 143 ला मेगाहर्ट्झने भागलं की अर्धी तरंगलांबी मीटरमध्ये मिळते. (खरं तर 150 हवे, पण तारेसाठी सुमारे 5 टक्के कमी धरतात.) 7.1 ला 20, 14.2 ला 10, 21.2 ला 6.7, 28.5 ला 5. मुलांनी पटी लिहिल्या: 5, 10, 15, 20; 6.7, 13.4, 20.1. चारही ओळी 20 पाशी भेटतात! मी नेमकी सगळ्यात वाईट लांबी निवडली होती.

मग संख्यारेषेवर पटींवर फुल्या मारून मोकळी जागा शोधायला लावली. मागच्या बाकावरची मुलगी म्हणाली, "15 आणि 20 च्या मधे, साडेसतरा." तिला अँटेना धड माहीतही नव्हता. कुणी साडेबारा म्हटलं तर तेही चालेल, 13.4 जरा जवळ आहे इतकंच. ट्यूनर दोन्हीकडे लागतोच.

पेटी 49:1 ची असेल तर मात्र उलटं. तिला हजारो ओहमच हवे असतात, म्हणून तिथे 20 मीटरच उत्तम. यावर वर्गात चांगलीच वादावादी झाली!

पालकांनो, तार विजेच्या तारांपासून लांब ठेवा, प्रक्षेपण चालू असताना तिला हात लावू देऊ नका. परवान्याची परीक्षा वयाच्या 12 व्या वर्षापासून देता येते.

आंब्यापर्यंतचं उरलेलं अंतर आता नायलॉनची दोरी भरून काढते. कापलेला अडीच मीटरचा तुकडा वर्गात संख्यारेषा म्हणून टांगलाय.