हृदयाच्या झडपेपर्यंत जाणारी रसायनशास्त्राची वाट

नीटमध्ये एमबीबीएसपुरते गुण मिळाले नाहीत की घरात बहुधा दोनच पर्यायांची चर्चा होते. एक तर परत वर्षभर परीक्षेची तयारी करायची, नाहीतर नावात ‘बायोमेडिकल’ असलेला एखादा अभ्यासक्रम शोधायचा. रसायनशास्त्राची साधी पदवी नाइलाज म्हणून सर्वांत शेवटी आठवते. हा क्रम चुकीचा आहे. ज्या मुलाला किंवा मुलीला वैद्यकाच्या जवळ राहून काम करायचं आहे, त्यांच्यासाठी पक्कं रसायनशास्त्र हा फार भक्कम पाया आहे, आणि याचा पुरावा हृदयाच्या कृत्रिम झडपेतच मिळतो.

ऊतींपासून केलेल्या झडपा डुकराच्या झडपेपासून किंवा गोवंशाच्या हृदयावरच्या आवरणापासून, म्हणजे पेरिकार्डियमपासून बनतात. या ऊतीचा मुख्य घटक कोलॅजेन. त्याची तीन पदरांची सर्पिल रचना १९५४ मध्ये मद्रासहून जी. एन. रामचंद्रन आणि गोपीनाथ कर्था यांनी मांडली होती. ही ऊती आहे तशी शरीरात बसवली तर विकरं तिचे तुकडे करतात आणि प्रतिकारशक्ती तिच्यावर तुटून पडते. सुरुवातीला फॉर्मल्डिहाइड वापरून पाहिलं, पण त्या झडपा थोड्याच वर्षांत निकामी झाल्या. मग १९६०च्या दशकाच्या अखेरीस पॅरिसमध्ये अलँ कार्पेंतिए यांनी ग्लुटराल्डिहाइड वापरलं. या रेणूच्या दोन्ही टोकांना अल्डिहाइड गट असतो. ही टोकं कोलॅजेनमधल्या लायसिनच्या अमिनो गटांना धरतात, त्यामुळे शेजारशेजारच्या साखळ्या एकमेकींना बांधल्या जातात आणि ऊती टिकाऊ होते. कोल्हापुरी चपलेचं कातडं हिरडा आणि बाभळीच्या सालीनं कमावतात, तेव्हाही कोलॅजेनच पक्कं केलं जातं. तिथे बंध जुळवणारे रेणू वेगळे असतात. मात्र झडपेच्या बाबतीत प्रश्न इथे संपला नाही, आणि विद्यार्थ्यांनी नेमकं इथेच लक्ष द्यावं. ऊतीत मागे राहिलेले अल्डिहाइड गट आणि पेशींमधले फॉस्फोलिपिड यांच्याभोवती कॅल्शियम साचतं आणि झडप ताठरते. वृद्धांमध्ये हे सावकाश होतं, पण मुलं आणि तरुणांमध्ये फार लवकर. आपल्या देशात संधिवाताच्या तापामुळे तरुण वयातच झडपा खराब होतात, म्हणून या प्रश्नाचं उत्तर सापडणं आपल्याला जास्त निकडीचं आहे. इथेनॉलनं लिपिड काढणं, ग्लायसिनसारख्या अमिनो आम्लांनी मोकळे अल्डिहाइड गट निष्क्रिय करणं, ग्लुटराल्डिहाइडऐवजी कार्बोडायइमाइड किंवा गार्डेनियाच्या फळातून मिळणारं जेनिपिन वापरणं, असे अनेक मार्ग अभ्यासले गेले आहेत. त्या प्रत्येकात सामू किती, संहती किती, तापमान किती, किती वेळ ठेवायचं, किती बंध तयार झाले आणि ते मोजायचे कसे, हेच विचारावं लागतं. हे प्रश्न रसायनशास्त्राचे आहेत.

बायोमेडिकल अभियांत्रिकी वाईट आहे, असं मला म्हणायचं नाही. पण पदवीच्या चार वर्षांत इलेक्ट्रॉनिक्स, शरीरशास्त्र, यंत्रशास्त्र अशा सगळ्यांची तोंडओळख होते आणि पुष्कळदा एकाही विषयात हात बसत नाही. म्हणून पदवी रसायनशास्त्राची, केमिकल किंवा पॉलिमर अभियांत्रिकीची घ्यावी आणि विशेष शाखा नंतर निवडावी. माटुंग्याची आयसीटी, एम.एस्सी.साठी जॅम, एम.टेक.साठी गेट, असे रस्ते मोकळे आहेत. रोजगाराचं म्हणाल, तर पालघर जिल्ह्याची हद्द ओलांडताच लागणाऱ्या वापीत मेरिल ही कंपनी गोवंशाच्या पेरिकार्डियमपासून ‘मायव्हॅल’ ही झडप बनवते.

‘अशा कंपन्या आहेतच किती?’ ही पालकांची शंका रास्त आहे. फक्त झडपेचा विचार केला, तर मोजक्याच. पण हेच कौशल्य जखमेवरच्या कोलॅजेन पट्ट्या, शोषले जाणारे टाके, हाडांचे भराव, जिलेटिन आणि औषधनिर्मितीतली गुणवत्ता तपासणी इथेही लागतं. शिवाय २०१७च्या वैद्यकीय उपकरण नियमांत हृदयाची झडप सर्वाधिक जोखमीच्या ‘ड’ वर्गात येते. ऊतींची झडप प्रयोगशाळेत किमान २० कोटी वेळा उघड-मीट करून तपासावी लागते. ही चाचणी आणि तिची कागदपत्रं सांभाळायलाही जाणकार माणसंच लागतात. दुसरी शंका श्रद्धेची: गाय किंवा डुकराच्या ऊतीला हात लावणं घरच्यांना पटणार नाही. ही भावना खोडून काढायचं कारण नाही. माशांपासून मिळणारं कोलॅजेन किंवा पूर्ण कृत्रिम पॉलिमर यांवरही काम चालतं, आणि शिकलेलं रसायनशास्त्र तिथेही तेवढंच लागू पडतं. तिसरी अडचण मात्र खरी आहे. बी.एस्सी. आणि एम.एस्सी. मिळून पाच वर्षं, संशोधनात जायचं तर पीएच.डी.ची आणखी चार-पाच. ज्या घराला मुलाच्या एकविसाव्या वर्षी पगाराची गरज आहे, त्यांनी हे आधीच हिशेबात धरावं. अशा वेळी पदवीनंतर औषध कंपनीच्या गुणवत्ता विभागात नोकरी धरायची आणि पुढचं शिक्षण नंतर घ्यायचं, हा मार्ग लांबचा असला तरी बंद नाही.

प्रवेश घेताना महाविद्यालयाच्या नावासोबत एवढं तरी विचारा: स्पेक्ट्रोफोटोमीटर विद्यार्थी स्वतः हाताळतात की फक्त लांबून पाहतात? आणि तिसऱ्या वर्षाच्या प्रकल्पात प्रत्येकाला आपला प्रयोग स्वतः आखावा लागतो की मागच्या वर्षीच्या वह्या उतरवून घेतल्या जातात?