एसी-फ्रीजच्या कामाचा ठेकेदार : कसा निवडावा, कसे व्हावे?

आम्ही कापडाचे व्यापारी. थान, ताका, मीटर यांच्या हिशेबात उमर गेली. तरीही या वेळी आम्ही थंड-गरम यंत्रांच्या धंद्याविषयी लिहीत आहोत. त्याला कारण आमचीच एक चूक आहे. ती आधी सांगतो, म्हणजे पुढचे कशासाठी लिहिले ते वाचकांच्या लक्षात येईल.

काही वर्षांपूर्वी लग्नसराईच्या तोंडावर आम्ही दुकानात शालू-साड्यांच्या काउंटरवर एसी बसवून घेतला. ओळखीच्या एकाने एक मेकॅनिक पाठवला. भाव स्वस्त, बोलणे गोड. दोन तासांत यंत्र भिंतीवर चढले आणि थंड हवाही आली. आम्ही रोख पैसे दिले. बिल मागितले नाही आणि त्यानेही दिले नाही. पंधरा दिवसांत यंत्राचे पाणी भिंतीतून उतरून एक गठ्ठा माल भिजला. तो तोटा आम्ही सोसला असता. पण पावसाच्या दिवसांत आमचा भाचा बाहेरचा डबा पाहायला गेला. ओल्या हाताने लोखंडी चौकटीला हात लावताच तो फेकला गेला. अल्लाहचा फजल, जीव वाचला. नंतर जाणत्या माणसाने उघडून पाहिले, तर अर्थिंगची वायर जोडलेलीच नव्हती. मेकॅनिकचा फोन बंद. तो सरहद्दीच्या पलीकडचा, एवढेच कळले.

बरा झाल्यावर भाच्याने विचारले, "मामू, हे काम नीट शिकायचे तर कुठे जायचे?" त्याला जवाब द्यायला आम्ही चौकशी करू लागलो. जे कळले ते वाचकांपुढे ठेवतो.

आपल्या पट्ट्यात हे काम का आहे?

झाई हे तलासरी तालुक्यातले समुद्रकाठचे मच्छीमार गाव. महाराष्ट्र इथे संपतो आणि पलीकडे गुजरातचा उंबरगाव तालुका सुरू होतो. अलीकडे बोर्डी, घोलवड, डहाणू. डहाणू तालुक्यात २० जून १९९१ च्या केंद्राच्या अधिसूचनेने कारखान्यांवर मर्यादा आल्या. तेव्हापासून आपली मुले कामासाठी बोईसर-तारापूर, उंबरगाव आणि वापी इकडे जातात. पण थंडाव्याचे काम घरच्या अंगणात आहे. मासळीला बर्फ लागतो, दुकानाला डीप फ्रीझर लागतो, औषधवाल्याला फ्रीज लागतो, बोर्डीच्या लॉजला एसी आणि गिझर लागतो. समुद्राच्या खाऱ्या हवेने पत्रा आणि नळ्या लवकर खराब होतात. म्हणून दुरुस्तीचे काम आपल्याकडे बारमाही आहे.

या धंद्याचे मापही बर्फातूनच आले आहे. "दीड टनाचा एसी" म्हणजे यंत्राचे वजन नव्हे. २,००० पौंड, म्हणजे सुमारे ९०७ किलो बर्फ चोवीस तासांत वितळताना जितकी उष्णता शोषतो, तितकी उष्णता बाहेर काढणारे यंत्र ते एक टनाचे. आजच्या हिशेबात ताशी १२,००० बीटीयू, किंवा सुमारे साडेतीन किलोवॅट. बर्फाच्या व्यवहारात वाढलेल्या झाईच्या मुलाला हे माप परके वाटू नये.

मुख्य गोष्ट : "एसीचे लायसन्स" नावाचा एकच कागद नाही

अमेरिकेसारख्या देशात बहुतेक राज्यांत या कामाच्या ठेकेदाराला खास परवाना घ्यावा लागतो. आपल्याकडे "एसी ठेकेदार" असा वेगळा सरकारी परवाना नाही. याचाच फायदा घेऊन कोणीही पाना-पक्कड घेऊन मेकॅनिक बनतो. पण म्हणून कायदा काहीच मागत नाही असे समजू नये. जबाबदारी तीन वेगवेगळ्या कागदांत वाटली गेली आहे. काम देणाऱ्याने ते तीन कागद विचारावेत आणि काम करणाऱ्याने ते कमवावेत.

पहिला कागद हुन्नराचा. आयटीआयत रेफ्रिजरेशन आणि एअर कंडिशनिंगचा दोन वर्षांचा ट्रेड असतो. प्रवेशाला दहावी पास लागते, गणित आणि विज्ञान घेऊन. शेवटी परीक्षा पास झाल्यावर राष्ट्रीय व्यवसाय प्रमाणपत्र मिळते, ते साऱ्या देशात चालते. पालघर जिल्ह्यातल्या कोणत्या आयटीआयत त्या वर्षी या ट्रेडच्या जागा आहेत, ते प्रवेशाच्या यादीत पाहून अर्ज करावा. त्यानंतर १९६१ च्या शिकाऊ उमेदवारी कायद्याखाली एखाद्या कंपनीत किंवा सर्व्हिस सेंटरमध्ये विद्यावेतनावर काम करता येते. जो भाई दहा वर्षे उस्तादाकडे शिकला, पण ज्याच्याकडे कागद नाही, त्याच्यासाठी आधीच्या अनुभवाची परीक्षा घेऊन प्रमाणपत्र देण्याची सरकारी सोय कौशल्य विकास योजनांत झाली आहे. मार्च २०१९ मध्ये केंद्राने देशाचा शीतकरण कृती आराखडा जाहीर केला. त्यात एक लाख दुरुस्ती कारागिरांना प्रशिक्षण आणि प्रमाणपत्र देण्याचे लक्ष्य ठेवले होते. म्हणजे सरकारलाही हा कारागीर मोजायचा आहे. आपण त्या मोजणीबाहेर का राहावे?

दुसरा कागद विजेचा. खरा परवाना तो हाच. १९५६ च्या भारतीय विद्युत नियमांपासून आजच्या केंद्रीय विद्युत प्राधिकरणाच्या २०२३ च्या सुरक्षा नियमांपर्यंत एक अट कायम आहे. दिवा, पंखा, फ्यूज बदलण्यासारखी किरकोळ कामे सोडून वायरिंगचे काम परवानाधारक विद्युत ठेकेदारानेच करावे आणि ते जाणत्या पर्यवेक्षकाच्या देखरेखीखाली व्हावे. एसीसाठी नवी लाइन ओढणे हे किरकोळ काम नाही. महाराष्ट्रात हा परवाना राज्य शासनाच्या अनुज्ञापक मंडळाकडून मिळतो. त्याच्या तीन पायऱ्या आहेत : वायरमनचा परवाना, पर्यवेक्षकाचे सक्षमता प्रमाणपत्र आणि ठेकेदाराचा परवाना. ठेकेदाराला पदरी पर्यवेक्षक आणि मोजमापाची उपकरणे ठेवावी लागतात. एसीच्या मुलाने पहिल्याच वर्षी हे सगळे मिळवावे असे नाही. जवळच्या परवानाधारक विद्युत ठेकेदाराशी त्याने जोड करावी. नळी आणि गॅस आपण पाहावे, लाइन आणि अर्थिंग त्याने पाहावे, आणि बिलावर दोघांची नावे असावीत.

तिसरा कागद धंद्याचा. एक-दोन माणसांच्या दुकानाला २०१७ च्या महाराष्ट्र दुकाने कायद्याप्रमाणे फक्त ऑनलाइन सूचना द्यावी लागते. उद्यम नोंदणी १ जुलै २०२० पासून सुरू आहे आणि तिला एक पैसाही शुल्क नाही. पैसे मागणाऱ्या एजंटापासून सावध राहावे. केवळ सेवा देणाऱ्याची वर्षाची उलाढाल २० लाखांच्या आत असेल, तर जीएसटी नोंदणीची सक्ती नाही. मात्र नोंदणी नसताना गिऱ्हाइकाकडून जीएसटी घेता येत नाही, हे पक्के ध्यानात ठेवावे.

सरहद्दीचा हिशेब

झाईकरांनी इथे दोन गोष्टी समजून घ्याव्यात. पहिली ही की विद्युत ठेकेदाराचा परवाना राज्याचा असतो. महाराष्ट्राचा परवाना दाखवून उंबरगावच्या कारखान्यात वायरिंगचा ठेका घेता येणार नाही. तिथे गुजरातचा परवाना असलेला माणूस लागेल. दुसरी गोष्ट कराची. पलीकडे जाऊन केवळ दुरुस्तीची सेवा दिली तर २० लाखांची सवलत तिथेही मिळते. ऑक्टोबर २०१७ पासून तसा नियम आहे. पण यंत्र विकून पलीकडे बसवून दिले, तर तो राज्याबाहेरचा मालाचा व्यवहार होतो आणि पहिल्या विक्रीपासून नोंदणी लागते. गल्ली ओलांडावी तशी आपण सरहद्द ओलांडतो, पण हिशेबात ती मोठी रेघ आहे.

काम देताना काय पाहावे?

आम्ही ठेच खाऊन शिकलो ते असे :

१. माणूस आधी जागा पाहतो का? खोलीचे माप, छतावरचे ऊन, माणसांची ये-जा हे न विचारता "दीड टन लावा" म्हणणारा मेकॅनिक अंदाजावर चालतो. साधारण १०० ते १२० चौरस फुटांना एक टन हा ढोबळ हिशेब आहे. वर पत्रा असेल तर तो बदलतो.

२. मीटरवर मंजूर भार किती आहे, हे तो पाहतो का? भार कमी असेल तर आधी महावितरणकडे अर्ज करावा. एसीला स्वतंत्र लाइन, स्वतंत्र एमसीबी, गळती पकडणारा आरसीसीबी आणि चालू अर्थिंग हवे. अर्थिंग आहे असे तोंडी सांगण्यावर जाऊ नये, समोर मोजून घ्यावे.

३. नळ्या जोडल्यावर तो नायट्रोजनने गळती तपासतो का आणि व्हॅक्यूम पंप लावतो का? नळीत हवा व ओल राहिली तर कॉम्प्रेसरचे तेल खराब होते. पंप वाचवण्यासाठी गॅस सोडून हवा बाहेर ढकलणारा मेकॅनिक आपले यंत्र अर्धे मारून जातो. गळती पाहायला ऑक्सिजन भरणे म्हणजे तर स्फोटाला बोलावणे आहे.

४. दरवर्षी "गॅस संपला" म्हणणाऱ्यावर भरवसा ठेवू नये. बंद नळीतला गॅस पेट्रोलसारखा खर्च होत नाही. कमी झाला तर तो कुठेतरी गळला. आधी गळती शोधावी, मग गॅस भरावा.

५. गॅस कोणता, हे बिलावर लिहून घ्यावे. जुन्या यंत्रांतला आर-२२ ओझोनच्या थराला घातक म्हणून मागे पडला. १ जानेवारी २०२५ पासून त्या जातीच्या गॅसवर नवी यंत्रे बनवण्यास देशात बंदी आहे. नव्या यंत्रांतला आर-३२ हलका ज्वलनशील आहे, आर-२९० म्हणजे तर प्रोपेनच. एका गॅसच्या यंत्रात दुसरा गॅस भरू देऊ नये. बिडी ओढत काम करणाऱ्याला दारातूनच परत पाठवावे.

६. बर्फाच्या कारखान्याचे काम निराळे. तिथे बहुधा अमोनिया असतो. तो विषारी आहे आणि ओलीबरोबर तांबे-पितळ खातो, म्हणून तिथे पोलादी नळ्या वापरतात. एसीच्या कारागिराने तिथे वेगळ्या तालिमेशिवाय हात घालू नये, आणि मालकानेही त्याला भरीस पाडू नये.

७. मालाची जाण असलेला माणूस घ्यावा. गोठवलेली मासळी उणे १८ अंशांवर ठेवतात. घोलवडच्या चिकूला, ज्याला २०१६ मध्ये भौगोलिक मानांकन मिळाले, फार थंडी सोसत नाही. मासळीच्या हिशेबाने चिकूची खोली बांधली तर बागवानाचा माल बाद होतो.

सगळ्यात शेवटी बिल घ्यावे. त्यावर तारीख, यंत्राचा नंबर, काय काम केले, किती महिन्यांची हमी, हे सर्व असावे. व्यवहार लिहून ठेवावा ही शिकवण आपल्याला नवी नाही. आम्ही उधारीचे कापड वहीत लिहितो, पण एसीचे पैसे बिनालेखी देऊन बसलो. बिल असते तर जिल्हा ग्राहक आयोगाकडे जाता आले असते. तिथे पाच लाखांपर्यंतच्या व्यवहाराच्या तक्रारीला शुल्क नाही. आमच्या हातात कागदच नव्हता, मग फिर्याद कुणावर करायची?

कारागीर भावांसाठी चार शब्द

एसीचे काम उंचावरचे आहे. कठड्यावर उभे राहून बाहेरचा डबा बसवताना पट्टा बांधावा. पट्टा बांधणे हे भित्रेपणाचे लक्षण नव्हे, घरी वाट पाहणाऱ्यांचा तो हक्क आहे. प्रधानमंत्री सुरक्षा विमा योजनेत वर्षाला २० रुपयांत दोन लाखांचे अपघाती संरक्षण मिळते. एवढे तरी प्रत्येकाने घ्यावे. गॅसचा सिलिंडर उन्हात उभ्या गाडीत ठेवू नये.

सुरुवातीला दुकानाचा थाट नको. व्हॅक्यूम पंप, गेज, नायट्रोजनचा सिलिंडर, करंट मोजायचा क्लॅम्प मीटर आणि पट्टा, ही हत्यारे आधी घ्यावीत. भांडवल कमी पडले तर राज्याच्या मौलाना आझाद अल्पसंख्याक आर्थिक विकास महामंडळाकडे कर्जाची चौकशी करावी. कामाचा भाव ठरवताना पंप आणि तपासणीचा वेळ त्यात धरावा आणि गिऱ्हाइकाला तसे सांगावे. आम्ही व्यापारी स्वस्त भावाला भुलतो, हा आमचा दोष. पण कारागिराने महाग का, हे समजावून सांगितले तर बहुतेक गिऱ्हाइके ऐकतात. कापडातही हेच आहे. पक्का रंग महाग का, हे एकदा कळले की गिऱ्हाईक कच्च्या रंगाकडे वळत नाही.

आमचा भाचा आता आयटीआयच्या दुसऱ्या वर्षाला आहे. गेल्या महिन्यात त्याने आमच्या दुकानातली जोडणी परत तपासली. परवानाधारक ठेकेदाराला सोबत आणून अर्थिंग मोजून घेतले, पाण्याच्या नळीला उतार दिला आणि सर्व वहीत लिहिले. जाताना म्हणाला, "मामू, सही करा." आम्ही सही केली आणि त्याच्याकडून बिल मागून घेतले. घरचा मुलगा असला तरी बिल ते बिल.

वाचक बंधूंनी एवढेच करावे. पुढच्या वेळी दारात मेकॅनिक आला, तर पाण्याचा पेला पुढे करावा आणि अदबीने तीन कागद विचारावेत. ज्याच्याकडे ते असतील त्याला दोन पैसे जास्त द्यावेत. ज्याच्याकडे नसतील त्या मुलाला हाकलून न देता आयटीआयची वाट दाखवावी. तो आपलाच कोणाचा तरी भाचा असेल.