पलटणींतले मोलेसरशास्त्री

नंदनवनांतून सीताबर्डीकडे जातां जातां किती भाषा कानीं पडतात, ह्याची गणती विद्यार्थ्यांनीं एकवार करून पाहावी. वऱ्हाडी आहे, नागपुरी वळणाची हिंदी आहे, छत्तीसगढी आहे. शाळेच्या दारांत पाऊल टाकतांच इंग्रजीही येते. सवयीमुळें आपणांस ह्याचें कांहीं वाटत नाहीं. परंतु परमुलखांतून येऊन ज्यास येथें हुकूम द्यावयाचा, तंटा तोडावयाचा, निदान बैलांसाठीं कडबा मागावयाचा, त्या लष्करी मनुष्याची अवस्था काय होत असेल?

कंपनी सरकारच्या अमलांत ही अडचण नित्याची होती. शिपाई एतद्देशीय आणि त्यांवरील साहेब इंग्रज, म्हणून पलटणींत दुभाष्याची जागा असे. ती देशी भाषांच्या परीक्षेंत उतरलेल्या अधिकाऱ्यास मिळे व तिजबरोबर पगारांतही भर पडे. तेव्हां सर्वांनींच केवळ विद्येच्या ओढीनें पाटी हातीं धरली, असें आम्ही म्हणणार नाहीं.

मुंबईच्या सैन्यांतील कॅप्टन जेम्स थॉमस मोल्सवर्थ (१७९५–१८७१) हे मात्र परीक्षेपाशीं थांबले नाहींत. इ. स. १८१८ मध्यें पेशवाईचा शेवट झाला, मराठी मुलूख कंपनीकडे गेला, आणि ह्या भाषेच्या मोठ्या कोशाची निकड सरकारास भासूं लागली. मोल्सवर्थ, लेफ्टनंट जॉर्ज कँडी व लेफ्टनंट टॉमस कँडी हे जुळे बंधु, आणि त्यांजबरोबर आमचे शास्त्रीमंडळ, ह्यांनीं वर्षानुवर्षें खपून मराठी-इंग्रजी कोश सिद्ध केला. तो १८३१ सालीं छापून निघाला. १८५७ च्या दुसऱ्या आवृत्तींत शब्दसंख्या साठ हजारांच्या घरांत गेली. लोक त्या साहेबांस ‘मोलेसरशास्त्री’ म्हणूं लागले. शास्त्र्यांनीं साहेबास शास्त्री म्हणावें, ही पदवी कोणत्याही बिल्ल्याहून मोठी होय.

त्या कोशांत पोथींतलेच शब्द नाहींत. कुणब्याच्या तोंडचे, कोंकण्याच्या घरचे, बायकांच्या बोलण्यांतले, म्हणी, इतकेंच काय पण शिव्याही त्यांत आहेत. संस्कृत, फारसी, अरबी, हिंदुस्थानी असें शब्दाचें मूळही दाखविलें आहे. ज्याला लोकांत वावरावयाचें त्याला सोवळ्यांतली भाषा पुरत नाहीं, हें त्या लष्करी माणसानें ओळखिलें. पुढें शस्त्राची चाकरी मनास पटेना म्हणून त्यांनीं ती सोडली. कोश मात्र सोडला नाहीं. टॉमस कँडी ह्यांनीं १८५० मध्यें विरामचिन्हांविषयीं मराठींत पुस्तक लिहिलें. निबंधांत स्वल्पविराम चुकला म्हणून ज्यांचे गुण कापले जातात, त्यांनीं ह्या लेफ्टनंटाचें नांव लक्षांत ठेवावें!

भाषा शिकतांना खरा धोका अनोळखी शब्दाचा नसतो. तेथें आपण विचारतों तरी. धोका ओळखीच्या शब्दाचा. नागपुरांतील मुलांस हें सांगावयास नको. मराठींत ‘शिक्षा’ म्हणजे दंड, हिंदींत तीच विद्या. आमची ‘चेष्टा’ म्हणजे थट्टा, त्यांची ‘चेष्टा’ म्हणजे प्रयत्न. आम्ही ‘संसार’ चार भिंतींत करितों, त्यांच्या ‘संसारांत’ सारें जग मावतें. बाजारांत अशा घोटाळ्यानें हंशा पिकतो. सैन्यांत तसें नाहीं. ‘प्रयत्न केला’ ह्याचें ‘थट्टा केली’ असें भाषांतर झालें, तर समोरचा बंदुकीकडे हात नेईल.

आजही ही विद्या चालू आहे. मध्यप्रांताची राजधानी नागपुरास असतां उन्हाळ्यांत सरकार ज्या पचमढीस जाई, तेथेंच आतां सेनेच्या शिक्षण दलाच्या महाविद्यालयांत परभाषा शिकवितात. त्यांत चिनी आहे. उत्तर सरहद्दीवर दोन्हीं सैन्यांचे अधिकारी बोलणीं करावयास बसतात, तेव्हां मध्यें दुभाष्या बसतो. समोरच्याचें वाक्य कडू असलें तरी त्यानें तें गोड करावयाचें नाहीं, आणि आपल्या अधिकाऱ्याचें मवाळ असलें तरी त्यास धार लावावयाची नाहीं. मग तें बोलणें तासभर चालो कीं दिवसभर.