गढूळ पाणी आणि सॅमनचे घर

विद्यार्थी मित्रांनो, हा पाठ वाचण्याआधी एक छोटे काम करा. काचेच्या तीन बाटल्यांत पाणी घ्या. पहिलीत मूठभर वाळू टाका, दुसरीत बागेतली माती आणि तिसरीत कुंभाराकडची चिकणमाती. तिन्ही बाटल्या जोरात हलवून खिडकीत ठेवा. तुम्ही घड्याळाकडे पाहीपर्यंत वाळू तळाशी बसलेली असेल. बागेतल्या मातीला काही तास लागतील. चिकणमातीची बाटली मात्र दुसऱ्या दिवशी शाळेला निघताना पाहिलीत तरी गढूळच दिसेल. आजच्या पाठातली सगळी अडचण त्या तिसऱ्या बाटलीत आहे.

सॅमन हा मासा नदीत जन्मतो, समुद्रात वाढतो आणि अंडी घालायला पुन्हा आपल्या नदीत येतो. मादी शेपटीने तळातले गोटे उडवून खळगा करते, त्यात अंडी घालते आणि वरून गोटे लोटते. ही अंडी काही महिने तिथेच असतात. गोट्यांच्या फटींतून वाहणारे पाणी त्यांना प्राणवायू पुरवते. फटींत बारीक माती भरली की अंडी जागच्या जागी गुदमरतात. मोठ्या माशांचे कल्ले मातीने भरतात आणि त्यांना भक्ष्यही दिसत नाही.

आता गंमत पाहा. बिघडलेली नदी सुधारायची, म्हणजे पात्रात ओंडके रोवायचे, बुजलेला ओघ मोकळा करायचा, जुना बंधारा काढायचा. यांतले कोणतेही काम करताना पाणी ढवळले जाणारच. ज्याच्यासाठी घर दुरुस्त करायचे, त्याच्याच नाकातोंडात धूळ जायची!

पाण्याचा गढूळपणा एन.टी.यू. या एककात मोजतात. पाण्यात प्रकाश सोडून मातीच्या कणांवरून तो किती विखुरतो, हे यंत्र पाहते. आपल्याकडच्या पिण्याच्या पाण्याच्या मानकानुसार ही संख्या 1 असावी, आणि दुसरा पर्याय नसेल तर 5 पर्यंत चालते. अमेरिकेच्या वॉशिंग्टन राज्यात सॅमनच्या नद्यांसाठी असा नियम आहे की, मूळ पाणी 50 एन.टी.यू. किंवा त्याहून कमी असेल, तर कामामुळे त्यात 5 पेक्षा जास्त भर पडू नये. मूळचेच पाणी 50 च्या वर असेल, तर वाढ दहा टक्क्यांच्या आत हवी. म्हणून मोजमाप दोन ठिकाणी होते. एक कामाच्या वरच्या बाजूला, दुसरे खालच्या बाजूला ठरावीक अंतरावर. मोठ्या प्रवाहात हे अंतर सुमारे 90 मीटर असते. वरचे मोजमाप नसेल, तर खालच्या आकड्याला काही अर्थ नाही. पावसाने आलेला गढूळपणा ठेकेदाराच्या माथी मारता येत नाही आणि ठेकेदाराचा पावसाच्या माथी!

पाणी निवळ ठेवण्याच्या युक्त्या साध्या आहेत. मासे अंडी घालत नसतील असे महिने कामाला निवडायचे. कामाच्या जागेभोवती वाळूच्या पोत्यांचा बांध घालून आतले मासे जाळ्याने अलगद बाहेर काढायचे. ओढा लहान असेल, तर नळातून बाजूने वळवायचा. आत साचलेले मातकट पाणी नदीत न सोडता पंपाने दूर गवताळ जमिनीवर सोडायचे, म्हणजे माती गवतात अडकते. शेवटी कोरड्या पात्रात पाणी हळूहळू सोडायचे, कारण पहिला लोंढा सर्वात घाण असतो.

कोणी विचारेल, तुरटी का फिरवत नाहीत? चिकणमातीचे कण ऋणभारित असल्याने एकमेकांना दूर ढकलतात आणि तुरटीतील ॲल्युमिनियममुळे ते एकत्र येऊन खाली बसतात. घरच्या हंड्यात हे ठीक आहे. वाहत्या नदीला तुरटी पुरणार किती? शिवाय ॲल्युमिनियम माशांच्या कल्ल्यांना अपायकारक ठरू शकतो.

या सर्व युक्त्या जिथे अपुऱ्या पडल्या, ती एल्व्हा नदी. वॉशिंग्टन राज्यातल्या या नदीवर 1913 आणि 1927 मध्ये दोन धरणे पूर्ण झाली. माशांना वर जाण्यासाठी जिने ठेवलेच नव्हते. नदीकाठच्या क्लालम लोकांचे जीवन सॅमनवर चालत असे. त्यांचा मासा नदीच्या शेवटच्या काही किलोमीटरांत कोंडला गेला. 1992 मध्ये कायदा झाला, सप्टेंबर 2011 मध्ये धरणे फोडायला सुरुवात झाली आणि ऑगस्ट 2014 मध्ये काम संपले. दोन्ही जलाशयांत मिळून सुमारे 2.1 कोटी घनमीटर गाळ होता. एवढा गाळ कोणत्या गवतावर सोडणार? म्हणून असे ठरले की नदीनेच तो वाहून न्यावा. काही वर्षांची घाण सोसावी, पण कायमची वाट मोकळी व्हावी. माझ्या मते हा निर्णय बरोबर होता, पण तो स्वस्तात पडला नाही.

धरण टप्प्याटप्प्याने उतरवले आणि माशांच्या येण्याजाण्याच्या काळात काम थांबवले. काही कोहो सॅमन पकडून इंडियन क्रीक आणि लिटल रिव्हर या स्वच्छ उपनद्यांत नेऊन सोडले. तिथे त्यांनी अंडी घातली. तरीही मुख्य नदीतला गढूळपणा अनेकदा 1000 च्या वर गेला. पाणी शुद्ध करण्यासाठी बांधलेल्या केंद्रात गाळ, पाने आणि काटक्या अडकल्या, आणि ती दुरुस्ती होईपर्यंत धरण फोडण्याचे काम जवळजवळ वर्षभर बंद ठेवावे लागले. एप्रिल 2013 मध्ये संवर्धन केंद्रात वाढवलेली चिनूक सॅमनची पिल्ले नदीत सोडली गेली आणि काठावर शेकडो मेलेली सापडली. पाण्याचा आकडा समोर असूनही वेळ चुकली, की असे होते.

पहिल्या पाच वर्षांत सुमारे दोन तृतीयांश गाळ वाहून गेला. त्यातला बराचसा समुद्रापर्यंत पोहोचला आणि नदीच्या मुखाशी नवी वाळूची किनारपट्टी तयार झाली. ऑक्टोबर 2023 मध्ये क्लालम लोकांनी मोकळ्या एल्व्हात पुन्हा कोहो पकडले.

पालकांपैकी ज्यांनी नर्मदेचा हिल्सा खाल्ला आहे, त्यांना एक फरक जाणवेल. हिल्साही समुद्रातून नदीत चढतो, पण तो ऐन पावसाळ्यात, गढूळ पुरातून. त्यामुळे सॅमनचे आकडे उचलून आपल्या नदीला लावता येणार नाहीत. प्रत्येक नदीचा मूळ गढूळपणा आधी मोजावा लागतो.

गृहपाठ: पांढऱ्या ताटलीच्या निम्म्या भागावर काळा रंग द्या, मधोमध भोक पाडून दोरी बांधा, खाली वजन लावा. मोठ्या माणसाला सोबत घेऊन घाटावर जा आणि ताटली पाण्यात सोडा. ती दिसेनाशी होताच दोरीला गाठ मारा. इटलीतील खगोलशास्त्रज्ञ आंजेलो सेक्की यांनी 1865 मध्ये समुद्राचे पाणी अशाच तबकडीने तपासले होते. एक गाठ पावसाळ्यात मारा, दुसरी दिवाळीनंतर, तिसरी होळीच्या सुमारास. तिन्ही अंतरे वहीत तारखेसह लिहून आणा.