प्रोग्रॅम बंद पडतो त्या क्षणी : आपोआप सुरू होणारा डीबगर

संगणकाचा प्रोग्रॅम लिहिण्याचे कौशल्य विद्यार्थ्याला तुलनेने लवकर साधते. बंद पडलेल्या प्रोग्रॅमचे कारण शोधण्याचे कौशल्य मात्र सावकाश येते. प्रोग्रॅम अडला की तो पुन्हा सुरू करावा आणि चालला तर समाधान मानावे, अशी सवय अनेकांना लागते. या सवयीमुळे दोष जागच्या जागी राहतो आणि त्याचा पुरावा तेवढा नाहीसा होतो. हा पुरावा जपण्याची एक पद्धत येथे साध्या उदाहरणातून मांडली आहे.

पुरावा कोठे असतो?

प्रोग्रॅम चालू असताना त्याची सर्व माहिती संगणकाच्या मेमरीत असते : कोणते फंक्शन चालू आहे, त्याला कोणी बोलावले, प्रत्येक व्हेरिएबलमध्ये कोणती किंमत आहे. प्रोग्रॅम संपला की ऑपरेटिंग सिस्टिम ती मेमरी परत घेते. डीबगर हे ही माहिती पाहण्याचे साधन होय. म्हणून तो प्रोग्रॅम संपण्यापूर्वीच हजर झाला पाहिजे, आणि त्यासाठीची तरतूद आधीच करून ठेवली पाहिजे.

एक उदाहरण

समजा, एका वसतिगृहाच्या भोजनखर्चाचा हिशेब पायथॉन भाषेतील प्रोग्रॅम करतो. बारा महिन्यांचा खर्च आणि विद्यार्थिसंख्या फाइलमधून वाचून तो दरडोई सरासरी काढतो. मध्येच तो थांबतो आणि ‘शून्याने भागाकार’ असा दोष कळवतो. दोष कोणत्या ओळीत आला हे संदेशावरून समजते. कोणत्या महिन्याचा हिशेब चालू होता हे समजत नाही. मे महिन्याच्या सुट्टीत वसतिगृह रिकामे असते, तेव्हा संख्या शून्य आली असावी, असा तर्क सहज सुचतो. मग ‘संख्या शून्य असल्यास तो महिना वगळावा’ अशी अट घालून विषय मिटवला जातो.

आता त्याच क्षणी डीबगर सुरू झाला असे समजू. महिना विचारताच उत्तर येते : ऑगस्ट. ‘अप’ ही आज्ञा देऊन एक पायरी मागे, म्हणजे बोलावणाऱ्या फंक्शनमध्ये गेल्यावर दिसते की मूळ रकाना कोराच होता. वाचणाऱ्या फंक्शनने कोऱ्या जागेचे शून्य केले. म्हणजे दोष भागाकारात नव्हता, नोंद राहून गेली होती. वरची अट घातली असती, तर एका महिन्याचा खर्च गुपचूप गळून वर्षाची सरासरी चुकली असती.

तरतूद कशी करावी?

न हाताळलेला दोष आल्यास पायथॉन ‘एक्सेप्टहुक’ नावाचे फंक्शन बोलावते आणि त्याला तीन गोष्टी देते : दोषाचा प्रकार, प्रत्यक्ष दोष व तेथवर पोहोचण्याचा मार्ग. त्या जागी आपले फंक्शन ठेवून, प्रथम नेहमीचा संदेश छापावा आणि मग तो मार्ग ‘पीडीबी’ या डीबगरच्या ‘पोस्ट मॉर्टेम’ फंक्शनकडे सोपवावा. काम चार-पाच ओळींत होते.

ऑपरेटिंग सिस्टिमच्या पातळीवरही अशी सोय असते. विंडोजच्या रजिस्ट्रीत ‘एइ-डीबग’ या नोंदीखाली कोणता डीबगर बोलवावा हे लिहिता येते. तेथील ‘ऑटो’ची किंमत 1 असल्यास तो न विचारता सुरू होतो. लिनक्समध्ये मेमरीची प्रत ‘कोअर’ फाइलमध्ये उतरवून ती नंतर ‘जीडीबी’ या डीबगरमध्ये उघडता येते. मात्र या फाइलच्या आकाराची मर्यादा शून्य असेल, तर फाइल तयारच होत नाही.

सावधगिरी

डीबगर माणसाच्या आज्ञेची वाट पाहत थांबतो. रात्री आपोआप चालणाऱ्या कामात तो उघडला, तर काम सकाळपर्यंत अडकून राहील. म्हणून समोर माणूस असेल तरच डीबगर सुरू करावा, एरवी दोषाची सविस्तर नोंद फाइलमध्ये ठेवावी. वापरणाऱ्याने स्वतः कंट्रोल-सी दाबून प्रोग्रॅम थांबवला असेल, तर तो दोष नव्हे. तेथेही डीबगर नको. शिवाय मेमरीत पासवर्ड आणि लोकांची खासगी माहिती असू शकते. तिची प्रत कोणाच्याही हाती पडू देऊ नये.

पुरावा जपण्याची परंपरा

9 सप्टेंबर 1947 रोजी हार्वर्ड विद्यापीठाच्या ‘मार्क 2’ संगणकाच्या रिलेमध्ये एक पतंग अडकलेला सापडला. तेथील मंडळींनी तो नोंदवहीत चिकटवला आणि शेजारी नोंद केली. ‘बग’ हा शब्द तंत्रज्ञांमध्ये त्यापूर्वीही रूढ होता. पतंग फेकून न देता तो वहीत ठेवला, हे येथे ध्यानात घेण्याजोगे आहे.

विद्यार्थ्यांनी शून्याने भागाकार करणारा छोटा प्रोग्रॅम मुद्दाम लिहून ही तरतूद करून पाहावी. दुरुस्तीला हात घालण्यापूर्वी, दोष कोठे दिसला आणि कोठे उत्पन्न झाला, या दोन प्रश्नांची उत्तरे वहीत वेगवेगळी लिहावीत. ती दोन्ही लिहून झाल्यावरच प्रोग्रॅम पुन्हा सुरू करावा.